एल्केडर : अमीर अब्दुल कादिर यांच्या नावाचे अमेरिकेतील गाव

अमेरिकेच्या मध्यभागी आयोवा नावाचे राज्य आहे. मका, सोयाबीन आणि दुधाचा धंदा यांवर जगणारे. त्याच्या ईशान्य कोपऱ्यात, मिसिसिपी नदीच्या पश्चिमेला, चुनखडीच्या टेकड्यांमधून टर्की नावाची एक नदी वाहते. (या टर्कीचा तुर्कस्तानशी काही संबंध नाही.) या नदीच्या दोन्ही काठांवर वसलेल्या एका छोट्या गावाचे नाव आहे एल्केडर. गावात मुसलमानांची वस्ती म्हणावी अशी नाही. वसवणारेही मुसलमान नव्हते. तरीही हे नाव आले आहे अल्जीरियाचे मुजाहिद आणि आलिम अमीर अब्दुल कादिर रहमतुल्लाह अलैह यांच्यावरून.

२०२० च्या जनगणनेत एल्केडरची लोकसंख्या १,२०९ भरली. आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या हायस्कूलची पटसंख्या याहून जास्त असते! पण हे गाव क्लेटन काउंटीचे मुख्य ठिकाण आहे. काउंटी म्हणजे आपला तालुका आणि जिल्हा यांच्या मधले काहीतरी. क्लेटन काउंटीत सगळे मिळून सुमारे १७ हजार लोक राहतात. त्यांचे खटले, जमिनीचे दस्त, कर हे सारे एल्केडरच्या कचेरीत. ही कचेरी लाल विटांची, घड्याळाच्या मनोऱ्याची. हा मान गावाला लगेच मिळाला नाही. गटेनबर्ग आणि गार्नाविलो या शेजारच्या गावांशी बरीच ओढाताण झाल्यावर तो पदरात पडला. तालुक्याचे ठिकाण कुठे असावे यावरून होणारी भांडणे आपल्याला नवी नाहीत.

गाव १८४६ साली वसले. टिमथी डेव्हिस, जॉन थॉम्पसन आणि चेस्टर सेज या तिघांनी नदीच्या पाण्यावर पिठाची गिरणी उभी करायचे ठरवले आणि गिरणीभोवती प्लॉट पाडले. डेव्हिस हे वकील होते, पुढे अमेरिकेच्या काँग्रेसवरही निवडून गेले. गावाचे नाव त्यांनी सुचवले. त्या काळी इंग्रजी वर्तमानपत्रांत अल्जीरियातील लढाईच्या बातम्या सतत येत. अमेरिकेला स्वतंत्र होऊन तेव्हा सत्तरच वर्षे झाली होती. परक्या सत्तेशी झुंजणाऱ्या माणसाबद्दल तिथल्या लोकांना जिव्हाळा वाटावा, हे साहजिक होते.

फ्रान्सने १८३० मध्ये अल्जीयर्स घेतले. १८३२ मध्ये पश्चिमेकडील कबिल्यांनी मआस्कर शहराजवळच्या एका तरुणाच्या हातावर बैअत केली. वय अवघे २४. घराणे कादिरी सिलसिल्याचे. वडिलांबरोबर हज करून, बगदादला गौसपाकांच्या दर्ग्यावर जाऊन आलेले. आपल्याकडे घरोघर ग्यारहवी शरीफ होते ती ज्यांच्या नावाने, त्याच हजरत अब्दुल कादिर जिलानी यांचे हे नामधारक. पंधरा वर्षे त्यांनी त्या काळच्या एका बलाढ्य फौजेला झुंजवले. त्या धामधुमीतही कैद्यांना माणुसकीने वागवण्याचे नियम आपल्या सैन्याला घालून दिले. गावाला त्यांचे नाव दिले गेले तेव्हा ते अजून लढत होते, आणि हरत होते. डिसेंबर १८४७ मध्ये त्यांनी शस्त्रे खाली ठेवली. इस्कंदरिया किंवा अक्का येथे जाऊ देऊ, असा शब्द फ्रेंचांनी दिला होता. तो मोडून त्यांना १८५२ पर्यंत फ्रान्समध्ये कैदेत ठेवले.

एक गोष्ट इथे नोंदवलीच पाहिजे. अमीर यांची बैअत झाली त्याच १८३२ साली सॉक आणि मेस्क्वाकी या मूळ रहिवाशांना युद्धात हरवून अमेरिकन सरकारने आयोवाचा पूर्वेकडचा पट्टा त्यांच्याकडून लिहून घेतला. म्हणजे आपली जमीन वाचवणाऱ्या अरबाचे नाव ज्या मातीला दिले, ती माती नुकतीच दुसऱ्या कुणाकडून घेतलेली होती. डेव्हिससाहेबांना हे जाणवले असेल असे मला वाटत नाही. दूरच्या मजलूमाबद्दल कळवळा वाटणे माणसाला नेहमीच सोपे जाते.

नावाचा उच्चारही पाहण्यासारखा आहे. गावकरी ‘एल्‌-के-डर’ म्हणतात, ‘के’वर जोर देऊन. अरबीतला ‘क़ाफ’ कधीच गळाला. ‘अब्द’ही गळाला. उर्दू शिकवणाऱ्याच्या कानाला हे खटकते, कारण ‘अब्दुल कादिर’ म्हणजे कादिरचा बंदा, आणि ‘अल्‌-कादिर’ हे तर अल्लाहच्या नावांपैकी एक. पण तक्रार कशाला? आपणही अब्दुल कादिरला ‘कादिर’ आणि अब्दुल रहमानला ‘रहमान’ म्हणून हाका मारतोच की.

नाव ठेवल्यानंतर १४ वर्षांनी दमास्कसची घटना घडली. जुलै १८६० मध्ये लेबनॉनच्या डोंगरातील दंगलीची आग दमास्कसपर्यंत पोहोचली आणि ख्रिस्ती मोहल्ल्यात कत्तल सुरू झाली. अमीर तेव्हा त्या शहरात राहून दर्स देत होते. आपल्या अल्जीरियन साथीदारांना घेऊन ते मोहल्ल्यात शिरले आणि मिळतील तितके लोक घरी घेऊन आले. जमाव दारात आला तेव्हा एकालाही हवाली करायला त्यांनी नकार दिला. नंतर त्या लोकांना आपल्या माणसांच्या पहाऱ्यात किल्ल्यात पोहोचवले. हजारोंचे प्राण वाचले. ज्या फ्रेंचांनी त्यांचा मुलूख घेतला आणि शब्द मोडून कैद केले, त्यांच्याच धर्माचे हे लोक होते. पण दमास्कसच्या शेजाऱ्याने अल्जीरियाच्या शत्रूचा हिशेब का चुकवावा? शरीअतने शेजारी आणि निःशस्त्र माणूस यांच्या रक्षणाचा जो हुकूम दिला आहे, तो अमीर यांनी बजावला. फ्रान्सने त्यांना सर्वोच्च सन्मान दिला, तर अब्राहम लिंकन यांनी पिस्तुलांची जोडी पाठवली. १८८३ मध्ये दमास्कसलाच त्यांचे निधन झाले.

इकडे एल्केडर आपल्या गतीने वाढत राहिले. जर्मन, आयरिश, नॉर्वेजियन शेतकरी आजूबाजूला आले. १८८९ मध्ये नदीवर स्थानिक चुनखडीचा दोन कमानींचा पूल बांधला गेला. त्यावरून आजही मोटारी जातात. १९०३ मध्ये ऑपेरा हाऊस उभे राहिले. गावकरी तिथे अजून नाटके करतात. नाव होते, पण नाव ज्यांचे त्यांची आठवण आपोआप टिकत नसते. ती कुणीतरी पुन्हा पुन्हा जागवावी लागते. १९१५ च्या हायस्कूलच्या वर्गाने अमीर यांची सारी हकीकत लिहून काढली आणि गावाच्या पूर्वजांनी नाव चांगले निवडले, असा शेराही मारला. शाळकरी मुलांनी हे केले, याचे मला शिक्षक म्हणून फार कौतुक वाटते. आपल्या मोहल्ल्याला, रस्त्याला, शाळेला ज्या बुजुर्गांचे नाव आहे ते कोण होते, हे आपल्या दहावीच्या वर्गात विचारून पाहा.

१९८४ मध्ये एल्केडर आणि मआस्कर या दोन गावांनी भगिनी-शहरे म्हणून नाते जोडले. येणेजाणे सुरू झाले. अल्जीरियाचे राजदूत मक्याच्या शेतांमधून वाट काढत या गावात आले. काही वर्षे मुख्य रस्त्यावर अल्जीरियन पदार्थ देणारे एक हॉटेलही चालले. २००१ नंतर अमेरिकेत अरबी नाव असणे सोपे राहिले नव्हते. पण गावाने नाव तसेच ठेवले. आपल्याकडे औरंगाबाद, उस्मानाबाद, अहमदनगर या पाट्या अलीकडेच उतरताना आपण पाहिल्या आहेत, म्हणून ही बारीकशी गोष्ट मला मोठी वाटते.

जून २००८ मध्ये टर्की नदीला मोठा पूर आला आणि गावाच्या सखल भागातील घरे-दुकाने पाण्यात गेली. तेव्हा अल्जीरिया सरकारने दीड लाख डॉलरची मदत पाठवली. अमेरिका जगाला मदत करते असे आपण ऐकत आलो. इथे एका मुस्लिम देशाने हजारभर वस्तीच्या अमेरिकन गावाचा चिखल काढायला हात दिला, तोही एका माणसाच्या नात्याने.

त्याच सुमारास गावकऱ्यांनी अमीर यांच्या नावाने एक शिक्षण प्रकल्प सुरू केला. त्यात विद्यार्थ्यांसाठी निबंध स्पर्धा घेतली जाते. अमीर यांचे चरित्र वाचायचे आणि त्यांचा एखादा गुण आजच्या काळाला लावून लिहायचे. इन्शाअल्लाह, येत्या वर्षी आमच्या नववीच्या वर्गाला मी हाच विषय देणार आहे. मुलांना उर्दूत किंवा मराठीत, ज्यात जमेल त्यात लिहू दे.