एल-टू

नोकरी शोधणाऱ्या माणसाचा फोन कधी सायलेंटवर नसतो. आंघोळीला जाताना तो बेसिनच्या कडेवर ठेवलेला असतो, दुपारी डोळा लागलाच तर उशीखाली. 140ने सुरू होणारा नंबर म्हणजे कुणीतरी काहीतरी विकायला बसलंय हे पक्कं ठाऊक असतं, तरी तोही उचलला जातो. क्रेडिट कार्डाची मर्यादा वाढवून देऊ पाहणाऱ्या मुलीला आपण इतक्या अदबीनं 'हॅलो' म्हणतो की तीच बिचारी गोंधळते.

आमचा कारखाना दुसऱ्या राज्यात गेला आणि चाकणला पर्चेसमध्ये मुरलेला मी पन्नाशीच्या उंबऱ्यावर मोकळा झालो. मुलाखती मात्र छान होत गेल्या. त्या वाईट झाल्या असत्या तर सोपं होतं. आषाढातल्या पावसात ट्रेलरांच्या मागे रांगत तळेगाव-चाकण रस्ता पार करायचा, गेटवर आधार कार्ड दाखवून पास घ्यायचा, मोजे ओले आहेत हे विसरून हसायचं. चहा यायचा, बिस्किटं यायची. कुणी हौसेनं नवी प्रेस शॉप दाखवून आणायचं. 'कधी जॉइन व्हाल?' असं विचारलं जायचं. निघताना एचआरची मुलगी दारापर्यंत यायची. 'या आठवड्यात कळवते, सर.'

त्यानंतर आठवडे येतात आणि जातात. घरच्यांनी त्यांच्यासाठी कारणं शोधून ठेवलेली असतात. आई म्हणते, पितृपक्षात कोण कसला निर्णय घेईल, सर्वपित्री होऊ दे. मग दसऱ्याचा मुहूर्त धरतील. मग दिवाळीत सगळे सुट्टीवर. मग वर्ष संपत आलेलं, बजेट संपलेलं. आणि जानेवारी लागला की मार्च एंडिंग दिसायला लागतं. कंपनीच्या गप्प राहण्याला आपल्या पंचांगात इतकी जागा असेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

एकेक पोर्टल उघडून बघावं तर 'अंडर रिव्ह्यू' तसंच. व्हॉट्सअ‍ॅपवर 'गुड मॉर्निंग मॅडम, काही अपडेट?' असा मजकूर चारदा खोडून पाचव्यांदा पाठवायचा. 'मॅडम' माझ्या मुलीच्या वयाच्या. दोन निळ्या खुणा उमटतात. पुढच्या आठवड्यात मॅडमचा फोटो बदलतो, महाबळेश्वरला धुक्यात उभ्या असतात. म्हणजे फोन हातात असतो तर. मग राग येतो, आणि राग ओसरला की शंका येते ती स्वतःचीच. पगाराचा आकडा जास्त सांगितला का? त्या डायरेक्टरच्या विनोदाला हसलो नाही म्हणून? वय? कुणी 'नाही' म्हटलं असतं तर हे प्रश्न एका रात्रीत निजले असते. उत्तर नसलं की माणूस स्वतःच स्वतःला नाकारायची कारणं पुरवत बसतो, आणि या कामात तो कुठल्याही पॅनेलपेक्षा जास्त कसून मेहनत घेतो.

बरेच दिवस मी हा उद्धटपणा आहे असं धरून चाललो होतो. तो असतोही. पण माझा सगळा जन्म खरेदी खात्यात गेला, तेव्हा ही चाल मला आधीच ओळखू यायला हवी होती. टेंडरमध्ये सर्वांत कमी दर देणारा तो एल-वन, त्याच्या मागचा एल-टू. एल-वननं ऑर्डर स्वीकारून माल पाठवेपर्यंत एल-टूला 'नको' असं कुणी सांगत नाही. तो फोन करतो, 'साहेब, आमचं काय झालं?' आणि त्याला उत्तर मिळतं, 'प्रोसेसमध्ये आहे.' तसाच मी कित्येक ठिकाणी दुसरा होतो. पहिल्याला ऑफर गेलेली. त्याचा नोटीस पिरियड आपल्याकडच्या अनेक कंपन्यांच्या रिवाजाप्रमाणे 90 दिवसांचा. त्या 90 दिवसांत तो आणखी दोन ऑफर खिशात घालतो, आकडे एकमेकांवर चढवतो, आणि जॉइनिंगच्या सकाळी फोन बंद करून बसतो. कंपन्यांना हे पाठ आहे. म्हणून मला सोडायचं नाही आणि धरायचंही नाही. त्यांनी उमेदवारांना गप्प राहायला शिकवलं की उमेदवारांनी त्यांना, याचा निवाडा मला करता येत नाही. पण एल-वनच्या त्या बंद फोनची किंमत एल-टू मोजतो, एवढं मात्र दिसतं.

मधल्या माणसाकडून तरी कळावं, तर प्लेसमेंट कन्सल्टंटचा हिशेब सरळ आहे. माणूस रुजू झाला की त्याच्या वर्षाच्या पगाराच्या 8.33 टक्के, म्हणजे एका महिन्याचा पगार, हा त्याचा नेहमीचा दर. नकार पोचवण्याचा दर शून्य. शून्य रुपयांत कोण कुणाला वाईट बातमी देईल?

टेंडरवाल्याचं निदान एक बरं असतं. त्यानं अनामत रक्कम भरलेली असते, आणि केंद्र सरकारच्या 2017च्या सामान्य वित्तीय नियमांप्रमाणे ठेका दिल्यापासून तिसाव्या दिवसापर्यंत ती हरलेल्यांना परत करावी लागते. पैसे खात्यात आले की एल-टूला कळतं, आपलं इथलं संपलं. उमेदवाराची अनामत म्हणजे इस्त्रीचा शर्ट, पेट्रोल, बायकोनं कुणालाही न सांगता बोललेला नवस. ती परत करायला कुठला नियम नाही.

मिसिसॉगाला असलेला माझा मित्र म्हणतो, आमच्याकडे झाला आता. कॅनडातल्या ऑन्टारियो प्रांतात 1 जानेवारी 2026पासून, जाहीर केलेल्या जागेसाठी मुलाखत घेतली तर 25 किंवा अधिक नोकर असलेल्या मालकानं शेवटच्या मुलाखतीपासून 45 दिवसांत उमेदवाराला सांगायचं की निर्णय झाला की नाही. कारण सांगायची सक्ती नाही. मित्र नाक मुरडतो, 'यंत्र एक ओळ पाठवील, झालं.' मला मात्र ती यंत्राची ओळही चालली असती. पंचेचाळिसाव्या दिवशी फोन सायलेंटवर टाकून झोपता आलं असतं.

ज्यानं मला सरळ 'नाही' सांगितलं तो भोसरीतला एक छोटा कारखानदार. एचआर वगैरे काही नाही; पत्र्याची शेड, केबिनमध्ये गणपती, टेबलावर गिअरचे नमुने. त्याच संध्याकाळी स्वतः फोन केला. 'साहेब, तुमच्यापेक्षा तरुण आणि स्वस्त माणूस मिळालाय. त्याला घेतोय. तो टिकला नाही तर तुम्हाला विचारीन, पण माझ्यासाठी थांबू नका.' एल-टूच झालो इथंही, पण तोंडावर सांगून. त्या रात्री मी व्यवस्थित जेवलो. तो तरुण माणूस पहिल्या सोमवारी आलाच नाही, आणि मंगळवारी मी भोसरीत होतो. पगार आधीपेक्षा बराच कमी आहे.

रुजू झाल्यावर मी बाकीच्या सगळ्यांना शिस्तीत दोन ओळी पाठवल्या, की मला नोकरी मिळाली आहे, कृपया माझं नाव काढून टाकावं. महाबळेश्वरवाल्या मॅडमचं उत्तर लगोलग आलं. 'ओह सर! तुमची ऑफर अप्रूव्हलला गेली होती. थोडं थांबायला हवं होतं.'