हलकें धनुष्य

दरवर्षीं ऑगस्ट महिना सरत आला, कीं आम्ही घरामागील अंगणांत गवताचा एक घट्ट भारा उभा करतों, त्यावर जेवणाच्या ताटाएवढा कागद टांचतों, आणि पंधरा वार मागें सरून पांच बाण सोडतों. त्या दिवशीं अगोदर हात बसवून घ्यावयाचा नाहीं. कारण रानांत दुसरा बाण सोडावयास सहसा मिळत नाहीं. पांचहि बाण कागदांत बसले, तर आम्ही त्या वर्षींचा परवाना काढतों. एक जरी चुकला, तरी धनुष्य खुंटीवर राहावयाचें, असा आमचा स्वतःशीं करार आहे. यंदा आम्हांला चौऱ्याहत्तरावें वर्ष लागलें. हा करार करण्याची पाळी कां आली, तेंच येथें सांगावयाचें आहे.

आमचें बालपण सांगलीकडे गेलें. धनुष्य म्हणून आम्हांला ठाऊक होतें तें कीर्तनांतील सीतास्वयंवराचें. पुढें भारतांत १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें शिकारीचें दार लागलें, आणि तें योग्यच झालें. नोकरीच्या निमित्तानें आम्ही अमेरिकेंतील विस्कॉन्सिन संस्थानांत येऊन स्थायिक झालों, तेथील स्थिति मात्र निराळी. पांढऱ्या शेपटीचीं हरणें तेथें लाखांनीं आहेत, आणि त्यांची संख्या आटोक्यांत ठेवण्यासाठीं सरकार शिकारीचाच आधार घेतें. केवळ धनुर्धरांसाठीं म्हणून पहिला हंगाम तेथें १९३४ सालीं ठेवण्यांत आला. आमच्या शेजारच्या एका शेतकऱ्यानें आम्हांला चाळिशींत हा नाद लाविला. बंदूक दुरून काम करते. धनुष्य घेतलें म्हणजे हरणाच्या नाकपुड्यांतील वाफ दिसेल इतकें जवळ असावें लागतें. त्या जवळिकीचेंच आम्हांला वेड लागलें.

परंतु ही जवळीक म्हणजे नुसती हौस नव्हे. बाण मारतो तो धक्क्यानें नव्हे, तर पात्याच्या धारेनें. तो फुफ्फुसांत शिरला, तर हरिण थोड्याच वेळांत कोसळतें. वीतभर मागें लागला, तर त्या जिवाचे तासच्या तास हाल होतात. शिवाय आमच्या जुन्या धनुष्याचा बाण सेकंदास सुमारें १८० फूट जाई, तर प्रत्यंचेचा आवाज १,१०० फूट जातो. तीस वारांवर, म्हणजे ९० फुटांवर, बाणास अर्धा सेकंद लागे. आवाज त्याच्या कितीतरी आधीं पोहोंचे. दचकलेलें हरिण पळण्यासाठीं प्रथम खालीं दबतें, आणि तेवढ्यांत अचूक नेमहि खोटा ठरतो.

सहा वर्षांपूर्वींच्या नोव्हेंबरांत आम्ही हा हिशेब विसरलों. त्या वेळीं आमचें धनुष्य ५५ रत्तल ओढीचें होतें. खांदा दोन वर्षें कुरकुरत होता. प्रत्यंचा गालापर्यंत येण्याआधींच दंड थरथरूं लागे. हें सर्व आम्हांस कळत होतें; परंतु चाळिशींत पेललेलें धनुष्य सत्तरीच्या उंबरठ्यावर खालीं ठेवणें म्हणजे हार, अशी आमची समजूत होती. तिन्हीसांजेस एक हरिणी तीस वारांवर येऊन उभी राहिली. थंडीनें आंखडलेल्या हातानें आम्हीं प्रत्यंचा ओढली. ती पुरती आलीच नाहीं, आणि बाण सुटला. तो पोटांत लागला. मध्यरात्रीपर्यंत विजेरीच्या उजेडांत आम्ही व शेजारी रक्ताचे थेंब शोधीत फिरलों. दुसरा दिवसहि त्यांतच गेला. एका ओढ्याशीं माग संपला. हरिणी सांपडली नाहीं.

घरीं आल्यावर आमच्या पत्नीनें एवढेंच विचारलें, "अहो, धनुष्य जड झालें हें सांगायची तुम्हांला लाज वाटली, म्हणून त्या मुक्या जनावरानें हाल सोसायचे का?"

या प्रश्नास आमच्यापाशीं उत्तर नव्हतें.

शेजाऱ्यानें घोडा दाबून सोडावयाचें आडवें धनुष्य सुचविलें. त्याचा ताण यंत्रच धरून ठेवतें. पूर्वीं तें वृद्ध व अपंग शिकाऱ्यांनाच वापरतां येई. २०१४ पासून तेथें तें सर्वांनाच खुलें झालें. शेजाऱ्यानें स्वतः ऐंशीव्या वर्षीं तें पत्करलें, आणि त्यांत कमीपणा कांहींच नाहीं. आमचा ओढा मात्र साध्या धनुष्याकडे. म्हणून आम्हीं ४० रत्तलांचें धनुष्य घेतलें. हलक्या धनुष्याचा बाण सावकाश जातो, म्हणून अंतर निम्म्यावर आणलें. झाडावरचें मचाण सोडून जमिनीवर फांद्यांचें लपण बांधलें. दंडांतील बळ उणें झालें, तेव्हां वाऱ्याची दिशा व हरणांच्या वाटा यांकडे अधिक लक्ष द्यावें लागलें. आणि खरें सांगावयाचें, तर पूर्वींच्या तीस वर्षांत पाहिलें नव्हतें इतकें रान आम्हीं गेल्या सहा वर्षांत पाहिलें. गतवर्षीं फांदेदार शिंगांचा एक नर पंचवीस वारांवर बराच वेळ उभा होता. आम्हीं प्रत्यंचेस हात लाविला नाहीं. तो गेल्यावर मन कांहीं वेळ हळहळलें, हें लपविण्यांत अर्थ नाहीं.

यंदा चार बाण कागदाच्या मध्यावर बसले. पांचव्यानें कागदाची कड चाटून गवत गांठलें. कागद फाटला होता खरा. परंतु बाण आंत म्हणावा कीं बाहेर? आम्ही पुष्कळ वेळ त्या फाटक्या कडेकडे पाहत उभे राहिलों. स्वयंपाकघराच्या खिडकींतून पत्नी पाहत होती; ती कांहीं बोलली नाहीं. ओढ्याशीं संपलेला तो माग आम्हांला आठवला. ज्या बाणाविषयीं संशय घ्यावा लागतो, तो चुकलेलाच धरला पाहिजे; त्या संशयाचा फायदा आपण घेतला, तर त्याची किंमत हरणाला द्यावी लागते.

धनुष्य खुंटीवर गेलें. हंगाम उघडल्यावर आम्ही लपणांत बसूं, पण रिकाम्या हातानें. हरणासाठीं विस्कॉन्सिनच्या कायद्यास निदान ३० रत्तल ओढीचें धनुष्य लागतें. आमचें ४० चें आहे. मध्यें पस्तीसाची एक पायरी अजून शिल्लक आहे. पुढील ऑगस्टांत तें धनुष्य घेऊन, पंधराऐवजीं बारा वारांवर, आम्ही पुन्हां उभे राहूं.