खुलताबादची रात्रीची वाट आणि हातातली बॅटरी

श्रावणातला शनिवार आला की छत्रपती संभाजीनगरहून खुलताबादला जाणारा रस्ता आदल्या रात्री झोपत नाही. शहरातून आणि आसपासच्या खेड्यांतून हजारो माणसे भद्रा मारुतीच्या दर्शनाला पायी निघतात. तरणी पोरे अनवाणी चालतात, बायाबापड्या लेकरांना कडेवर घेऊन चालतात. निजलेल्या मारुतीचे हे देवस्थान शहरापासून सुमारे २५ किलोमीटरवर आहे. ताशी ४ किलोमीटर चाल धरली आणि वाटेत चहापाण्याला, टेकायला तासभर गेला, तर सात-साडेसात तास लागतात. म्हणजे रात्री जेवून निघालेला माणूस पहाटे देवाच्या दारात पोचतो. शहराचे औरंगाबाद हे नाव २०२३ साली बदलले. वाट मात्र तीच आहे आणि अंधारही तोच आहे.

हनुमान जयंतीलाही अशीच गर्दी लोटते, पण ती चैत्री पौर्णिमा. आभाळ निरभ्र असते आणि चांदण्यात रस्ता दिसतो. श्रावणात ढग दाटलेले, वरून भुरभुर पाऊस आणि बाजूचे गवत गुडघ्याएवढे वाढलेले. तेव्हा हातात चांगली बॅटरी हवी. पुस्तकात तिला विजेरी म्हणतात, दुकानदार टॉर्च म्हणतो, आपण बॅटरीच म्हणू.

छावणी, नगर नाका, पडेगाव, मिटमिटा इथपर्यंत रस्त्याला वस्ती आहे, दिव्यांचा उजेड आहे. शरणापूर सोडले की उजेड मागे पडतो आणि दोन्ही बाजूंना शेते लागतात. बॅटरीची पहिली परीक्षा इथे होते. पुष्कळांच्या हातात लांबवर झोत फेकणारी मोठी बॅटरी असते. झाडाच्या शेंड्यावर, डोंगराच्या कड्यावर झोत मारून दाखवला की सोबतचे वाहवा करतात. पण चालणाऱ्याला शेंड्याशी काय करायचे आहे? त्याला पुढची दहा पावले दिसली पाहिजेत. बारीक झोताची बॅटरी मधोमध ताटलीएवढा लखलखीत ठिपका पाडते आणि पायाशी काळोख तसाच ठेवते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. मध्ये बऱ्यापैकी उजेड आणि भोवती पसरट मंद उजेड, अशी बॅटरी वाटेला चांगली.

पूर्वीच्या दोन सेलच्या बॅटरीत तारेचा बल्ब असे. तो जेमतेम पाऊण वॉटचा, आणि त्यातलीही बहुतेक वीज उष्णतेत जाई. आता एलईडी आले. पांढरा प्रकाश देणारा एलईडी शक्य झाला तो निळ्या एलईडीमुळे, आणि त्याबद्दल आकासाकी, अमानो व नाकामुरा या तीन शास्त्रज्ञांना २०१४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. १ वॉटचा चांगला एलईडी सुमारे १०० ल्यूमेन उजेड देतो. जुन्या बॅटरीच्या कितीतरी पट झाला. वाट चालायला एवढा पुष्कळ आहे. खोक्यावर हजारो ल्यूमेनचे आकडे छापलेले असले तरी भुलू नये.

दौलताबादला किल्ला डाव्या हाताला काळाकभिन्न उभा दिसतो. यादव राजा पाचवा भिल्लम याने बाराव्या शतकात ही देवगिरी वसवली. १३२७ साली महंमद तुघलकाने दिल्लीची राजधानी इथे आणली आणि दौलताबाद हे नाव दिले. रात्री किल्ला बंद असतो, पण दिवसा कधी गेलात तर तिथली अंधारी जरूर पाहा. वर जाण्याची वाट खडकातून कोरलेल्या वळणावळणाच्या भुयारातून जाते. भर दुपारी तिथे डोळ्यांत बोट घातले तरी दिसत नाही. शत्रू आत शिरला की अंधारात चाचपडावा आणि पायऱ्यांवर अडखळावा, यासाठीच ती केलेली आहे. वाटाड्ये पूर्वी तिथे टेंभा घेऊन माणसे नेत. किल्ला राखणाऱ्यांनी अंधाराचेच हत्यार केले होते, हे ध्यानात घेतले म्हणजे उजेडाची किंमत कळते.

किल्ल्यापुढे घाट लागतो, मग हातकागदासाठी प्रसिद्ध असलेले कागजीपुरा आणि त्यापुढे खुलताबाद. घाटात पावसाची भुरभुर आणि धुके असले की दुसरी परीक्षा होते. निळसर पांढरा प्रखर झोत धुक्यावर आदळून आपल्याच डोळ्यांत परततो. पिवळसर उजेड त्या मानाने बरा. बॅटरी डोळ्यांपासून खाली, कमरेच्या उंचीला धरावी. त्याने डोळे दिपत नाहीत आणि दगडाची, खड्ड्याची सावली लांब पडून ते आधी कळतात. समोरून येणाऱ्याच्या तोंडावर झोत मारू नये. दिपलेल्या डोळ्यांना अंधाराची पुरती सवय व्हायला वीस-तीस मिनिटे लागतात. तोवर तो माणूस आंधळाच.

पाऊस ज्याला सोसत नाही ती बॅटरी श्रावणात कामाची नाही. काचेखाली आणि बुडाच्या झाकणाला रबरी कडी आहे का ते उघडून पाहावे. खोक्यावर 'आयपीएक्स ४' असेल तर चहूकडून उडालेले पाणी ती सोसते. 'आयपीएक्स ७' असेल तर १ मीटर पाण्यात अर्धा तास तरते.

तिसरी परीक्षा टिकण्याची, आणि तीच सर्वांत मोठी. याचे गणित सोपे आहे. लिथियम सेलवर २००० एमएएच आणि ३.७ व्होल्ट लिहिलेले असेल तर २ ला ३.७ ने गुणावे. सुमारे ७.४ वॉट-तास वीज झाली. १ वॉटचा दिवा त्यावर सहा-सात तास जळेल. ३ वॉटचा दिवा अडीच तासांच्या आतच मालवेल, म्हणजे धनी घाटात आणि बॅटरी बंद. म्हणून कमी-जास्त उजेडाची सोय असलेली बॅटरी घ्यावी, एरवी कमीवर चालावे आणि जोडीला भरलेला एक सेल खिशात ठेवावा. बोटाएवढ्या जाड नेहमीच्या १८६५० सेलमध्ये चार हजार एमएएचच्या फार वर वीज मावत नाही. त्यावर ९९०० छापलेले दिसले तर तो आकडा खोटा समजावा. भारतीय मानक ब्यूरोचा आयएस १६०४६ हा क्रमांक सेलवर असावा.

प्लगाला लावायच्या स्वस्त जड बॅटरीत बहुधा शिशाचा सेल असतो. तो उतरलेला तसाच महिनोन्महिने पडून राहिला तर शिशावर पांढरे पुट चढते आणि पुन्हा वीज घेत नाही. वापर नसला तरी महिन्यातून एकदा ती चार्ज करावी. साधे सेल वापरत असाल तर काम नसताना काढून ठेवावेत. ते पाझरले की आतली स्प्रिंग गंजते. लिथियम सेल फुगलेला दिसला तर ताबडतोब टाकून द्यावा.

शेतकरी बंधू-भगिनींनो, यात्रा वर्षातून एक-दोन रात्रींची. पण पाण्याची पाळी? दिवसा वीज देण्यासाठी सौर योजना आल्या, तरी रात्रीचे दारे धरणे पुष्कळ गावांतून अजून सुटलेले नाही. मण्यार रात्रीच हिंडते. घोणस पायरव ऐकून पळत नाही, वेटोळे घालून जागीच पडून राहते आणि वाळल्या पाचोळ्यात दिसत नाही. फावडे धरायला दोन्ही हात लागतात, तेव्हा बॅटरी बांधावर ठेवली जाते आणि पाय अंधारात जातो. अशा कामाला कपाळावर पट्ट्याने बांधायची बॅटरी उत्तम. जोडीला गमबूट घालावेत. मोबाइलच्या उजेडावर शेतात जाऊ नये. मोबाइलची वीज १०८ ला फोन करण्यासाठी राखावी. साप चावलाच तर जखम कापू नये, चोखू नये, दोरी आवळू नये. हातपाय न हलवता थेट दवाखाना गाठावा. आपल्याकडे घाटी रुग्णालय आहे, तालुक्याची ग्रामीण रुग्णालये आहेत. औषध प्रतिविषाचेच, मंत्राचे नव्हे.

आता दुकानात गेल्यावर काय करावे? रस्त्यावर झोत मारून पाहू नका, दुकानाच्या अंधाऱ्या कोपऱ्यात जा. दहा पावलांवर जमिनीकडे उजेड धरा आणि पायापासून तिथपर्यंत सगळे सारखे दिसते का ते पाहा. बटण ओल्या बोटाने दाबून बघा. घरी आणल्यावर पूर्ण चार्ज करून एका संध्याकाळी ती पेटवून ठेवा आणि किती वाजता मंदावते ते घड्याळात पाहून लिहून ठेवा. पेरणीपूर्वी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून आपण उगवण तपासतो. पिशवीवर काय छापले आहे त्यावर विसंबत नाही. बॅटरीलाही तोच न्याय लावावा. कमी उजेडावर सात तास टिकली तर ती खुलताबादच्या वाटेला आणि रात्रीच्या दाऱ्याला दोन्हीकडे चालेल. नाही टिकली तर पावती जपून ठेवलेली असू द्या आणि दुसऱ्याच दिवशी परत करा.