हवेवर बसलेली गाडी

बालाघाटहून बैहरकडे निघाले की भरवेली मागे पडते, गांगुलपाऱ्याचा घाट लागतो, सरईचे आणि बांबूचे रान दोन्ही अंगांनी रस्त्याजवळ सरकते आणि चाळीसेक किलोमीटरवर आमचे उकवा येते. गाव लहान, पण जमिनीखाली मोठे. खाली मँगनीज आहे. 1896 साली सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट स्थापन झाली, तिचीच पुढे सेंट्रल प्रॉव्हिन्सेस मँगनीज ओअर कंपनी झाली. 1962 साली त्यातून ‘मॉयल’ निघाली आणि 1977 साली ती पूर्णपणे सरकारची झाली. चिखला, डोंगरी बुजुर्ग, तिरोडी, भरवेली, उकवा ही त्या एकाच माळेतली गावे. माझे वडील तुमसर भागातून चिखल्याच्या खाणीवर लागले आणि तिथून बदलीवर उकव्याला आले. मधल्या काळात, 1 नोव्हेंबर 1956 रोजी, विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. नात्यागोत्याची माणसे तिकडे आणि नोकरी इकडे, अशी आमच्यासारखी घरे या पट्ट्यात पुष्कळ. घरात मराठी, बाजारात हिंदी, आणि खाणीत दोन्हींची खिचडी, वर गोंडीची फोडणी.

मी खाणीच्या कॉम्प्रेसर-घरात फिटर होतो. खाणीच्या पोटात दगडाला भोके पाडणारे जॅकहॅमर दाबाच्या हवेवर चालते, आणि ती हवा वरच्या कॉम्प्रेसरमधून लोखंडी नळांनी खाली उतरते. सहा-सात किलोची हवा, म्हणजे एका चौरस सेंटिमीटरवर तेवढा भार. नोकरीची सारी वर्षे ही हवा कुठून चोरून जाते ते शोधण्यात गेली. पाणी गळले की दिसते, तेल गळले की डाग पडतो. हवा गळली की काहीच दिसत नाही. फक्त कॉम्प्रेसरला दम खायला वेळ मिळत नाही. तो सारखा धापा टाकू लागला की समजावे, चोरी कुठेतरी दुसरीकडेच चालली आहे.

हे सगळे सांगण्याचे कारण एक गाडी आहे.

सौ.च्या मणक्याची शस्त्रक्रिया 2021 साली नागपूरला झाली. शस्त्रक्रिया चांगली झाली, पण दर महिन्याला बालाघाटला दाखवायला नेणे आले. वाचकहो, आमच्या रस्त्यावरून खनिजाचे ट्रक चालतात, बांबूचे ट्रक चालतात, आणि पावसाळ्यानंतर रस्ता कुठे आहे नि खड्डा कुठे आहे हे ज्याचे त्याने ठरवायचे असते. पहिल्यांदा तिला भाड्याच्या जीपमधून नेले. पाट्यांची जीप. घाट उतरेपर्यंत ती एक शब्द बोलली नाही. बालाघाटला पोचल्यावर एवढेच म्हणाली, “अहो, पुढच्या महिन्यात नाही गेलं तर नाही का चालत जी?” ते ऐकून माझा जीव खाली बसला. डॉक्टर नको म्हणून नव्हे, रस्ता नको म्हणून ती घरी बसायला तयार झाली होती.

जावईबापूंना हे कळले. त्यांच्याकडे नागपूरला परदेशी बनावटीची एक जुनी मोठी गाडी होती, 2009 सालची. “मामाजी, ही घेऊन जा. हिला स्प्रिंगा नाहीत, ही हवेवर बसते,” असे म्हणून त्यांनी चावी हातात दिली. पुढल्याच महिन्यात सौ. त्या गाडीत बसून बालाघाटला गेली, आणि भरवेलीजवळ चक्क डुलकी घेत होती.

आता हवेवर बसते म्हणजे काय, ते थोडे सांगतो. टांग्याला आणि जीपला पोलादी पट्ट्यांचे पाटे असतात, मोटारीला वेटोळ्याची स्प्रिंग असते. पोलादी स्प्रिंगची ताकद एकदा ठरली की ठरली. भरल्या गाडीसाठी ती कडक केली तर रिकामी गाडी उड्या मारते, आणि रिकाम्या गाडीसाठी मऊ केली तर भरली गाडी टेकते. हवेच्या गाडीत चार चाकांवर रबराचे चार फुगे असतात. ओझे वाढले की कॉम्प्रेसर आणखी हवा भरतो, म्हणजे उंची तीच राहते आणि फुगाही ओझ्याच्या मानाने कडक होतो. त्यामुळे एक माणूस बसो की सात, गाडीचा हेलकावा जवळजवळ त्याच तालात राहतो, सेकंदाला एक-दीड. माणसाच्या चालण्याच्या आसपासचा हा ताल अंगाला सोसतो.

ही कल्पना नवी नाही. 1954 साली अमेरिकेत ग्रेहाउंडच्या मोठ्या प्रवासी गाड्या हवेच्या फुग्यांवर धावू लागल्या. 1955 साली फ्रान्सच्या सिट्रोएनने आपल्या डीएस मोटारीत तेल आणि वायू यांची जोडी बसवली. 1957 साली कॅडिलॅकने एल्डोरॅडो ब्रूम नावाच्या महागड्या मोटारीला हवेचे फुगे दिले. ते इतके गळू लागले की पुष्कळ मालकांनी ते काढून पोलादी स्प्रिंगा घातल्या. आपल्याकडे 2001 नंतर व्होल्व्होच्या बसगाड्यांनी लोकांना हे सुख दाखवले, आणि 2007 पासून मुंबईत आलेल्या नव्या लोकलच्या डब्यांखालीही हवेचे फुगे आहेत. म्हणजे बुडाखाली हवा घेऊन लाखो लोक रोज कामाला जातात, पण ती हवा जायला लागली की काय करायचे, हे उकव्यात विचारायला कोणी नाही.

आमच्या गाडीची हवा 2023 च्या पावसाळ्यात जाऊ लागली. सकाळी अंगणात पाहावे तर गाडीचा मागचा डावा कोपरा खाली बसलेला. चालू केली की घरघर करीत उठायची. पुढे पुढे उठायला दोन मिनिटे, मग पाच मिनिटे. शेवटी काट्यांच्या फळीवर पिवळा दिवा लागला तो लागलाच. नागपूरच्या एका मोठ्या कार्यशाळेने फोटो पाहूनच सांगितले, चारही फुगे, कॉम्प्रेसर, झडपांचा ठोकळा, सगळे नवे घाला. आकडा ऐकून मी फोन दुसऱ्या कानाला लावला, की या कानाने चुकीचे ऐकले असेल. बालाघाटच्या मिस्त्रीचे म्हणणे याच्या अगदी उलट. “काकाजी, ये हवा-पानी का झंझट छोड़ो, चारों में स्प्रिंग डाल दो. जिंदगी भर देखना नहीं पड़ेगा.”

त्याचे म्हणणे मी हसण्यावारी नेले नाही. सुटे भाग जिथे मिळत नाहीत, मिस्त्री मैलोगणती दूर, तिथे पोलादी स्प्रिंग हा शहाणपणाचाच सौदा आहे. ती गळत नाही, आणि मोडली तरी बहुधा घरापर्यंत आणून सोडते. मालाची ने-आण असती, माणसे धडधाकट असती, तर मीही तेच केले असते. पण आमच्या घरात ती गाडी एका पाठीसाठी होती. स्प्रिंग भरल्या गाडीच्या हिशोबाची, आणि बसणार आम्ही दोघे. म्हणजे पुन्हा जीपच. सौ. म्हणाली, “पैसे लागत असतील तर राहू द्या. मी सहन करीन.” बायकांच्या तोंडचे हे वाक्य आपल्या पिढीने फार ऐकले आहे, आणि फार सोयीने ऐकले आहे. मी ठरवले, आधी चोर पकडायचा, मग खर्चाचे पाहू.

कॉम्प्रेसर-घरातली रीतच इथे लावली. गाडी सपाटीवर उभी केली आणि प्रत्येक चाकाच्या मध्यापासून वरच्या पत्र्याच्या कडेपर्यंतचे अंतर टेपने मोजून खडूने लिहून ठेवले. गंमत अशी की अशा काही गाड्या बंद असतानाही मधूनमधून जाग्या होतात आणि जो कोपरा खाली गेला त्याच्या बरोबरीला बाकीचे तिन्ही उतरवतात. त्यामुळे एक फुगा गळाला तरी चारही गळाल्यासारखे दिसते. म्हणून त्या यंत्रणेचा फ्यूज रात्रभर काढून ठेवला. सकाळी तीन कोपरे खडूवर होते तसेच, आणि मागचा डावा चार बोटे खाली. कार्यशाळेने मागितलेल्या चार फुग्यांपैकी तीन तिथेच वाचले.

मग साबणाचे पाणी. फुग्याच्या खालच्या बाजूला रबराची घडी असते, ती गाडीच्या उंचीबरोबर वर-खाली लोळते. नेहमीच्या उंचीवर भेग घडीत दडून राहते. गाडी पूर्ण उंच केली तेव्हा घडी उलगडली आणि भेगांच्या ओळीतून बारीक फेस येऊ लागला. नळ्यांचे सांधेही तपासले. बोटाहून बारीक प्लास्टिकची नळी असते, ती उंदीर कुरतडतात, आणि तिचे टोक काटकोनात कापलेले नसले तर सांध्यातही हवा निसटते. आमच्या नळ्या शाबूत निघाल्या.

कॉम्प्रेसरचे दुखणे त्या गळतीतूनच आलेले. हा छोटा कॉम्प्रेसर मिनिट-दोन मिनिटे चालून थांबण्यासाठी असतो. गळक्या फुग्यामागे तो तास तास धावला, तापला, त्याची पिस्टनची रिंग झिजली. शिवाय हवेतला ओलावा शोषणारे दाणे त्याच्या डबीत असतात, ते पावसाळ्याने भिजून चिखल झाले होते. खाणीत आम्ही दर पाळीला हवेच्या टाकीतले पाणी काढून टाकत असू, ते याच भीतीने. ओली हवा झडपा खाते. म्हणून क्रम महत्त्वाचा. गळका फुगा तसाच ठेवून नवा कॉम्प्रेसर घातला, तर तोही वर्षभरात त्याच वाटेने जातो.

मागचे दोन्ही फुगे सारख्या वयाचे म्हणून दोन्ही मागवले. कॉम्प्रेसर नवा न घेता रिंग, दाणे आणि रिले बदलायचे ठरले. रिले ही किरकोळ वस्तू, पण ती चिकटली तर कॉम्प्रेसर थांबतच नाही. कार्यशाळेच्या आकड्याच्या पाचव्या हिश्श्यात सगळे सामान आले. ते बसवायला बालाघाटचाच तो मिस्त्री आपल्या हाताखालच्या पोराला घेऊन आला.

आता जे सांगतो ते गाडीवाल्यांनी विशेष ध्यानात ठेवावे. पोरगा चपळ. मिस्त्री पाने काढीत होता तेवढ्यात तो पाठीवर सरपटत उभ्या गाडीखाली शिरू लागला. टेकू नाही, ठोकळा नाही, गाडी नुसती त्या फाटक्या फुग्यावर उभी. मी त्याचा पाय धरून बाहेर ओढला. तो रागावला, “काकाजी, गाडी तो खड़ी है ना!” मी त्याला म्हटले, “बेटा, खड़ी नहीं है. हवा पे है.” दोन-अडीच टनांचे धूड एका रबराच्या भरवशावर. फुगा फुटला तर पोटाची जागा राहत नाही. खाणीत छताला टेकू दिल्याशिवाय कोणी पुढे पाऊल टाकत नसे, आणि ज्यांनी टाकले त्यांची घरे मी पाहिली आहेत. मग यंत्रणा बंद केली, चेसिसखाली लोखंडी घोडे लावले, हवा पूर्ण सोडली, आणि तेव्हाच पाना फिरवला. नवा फुगा बसल्यावरही त्यात हवा भरल्याशिवाय गाडीचे वजन त्यावर टाकायचे नसते. रिकाम्या फुग्याची घडी चिमटली की नवे रबर पहिल्याच दिवशी फाटते. सारे काम संध्याकाळपर्यंत चालले. जाताना मिस्त्रीने साबणाच्या पाण्याची बाटली आपल्या पिशवीत टाकली, आणि पोराने लोखंडी घोडे स्वतः उचलून जागेवर ठेवले.

त्याला आता वर्षे झाली. रबर आहे, तेव्हा पुढचे फुगेही कधीतरी जातीलच. मोठ्या शहरांत अशा जुन्या गाड्या फुगे गेले की कवडीमोलाने विकल्या जातात, आणि घेणारा चारी बाजूंना पोलाद घालून मोकळा होतो. त्याची सोय तो पाहतो. ज्यांच्या घरी दुखरी पाठ आहे, म्हातारे माणूस आहे, त्यांनी मात्र निर्णयापूर्वी एक रात्र फ्यूज काढून, खडूची खूण करून पाहावी. चार कोपऱ्यांपैकी नेमका कोणता बसला एवढे कळले तरी पुष्कळ खर्च वाचतो.

दर महिन्याला आम्ही दोघे घाट उतरतो. निघण्याच्या दिवशी चहा ठेवता ठेवता सौ. ओट्यावरूनच विचारते, “अहो, उभी आहे ना जी?” मी अंगणात जाऊन चाकावर चार बोटे टेकवतो, खडूच्या खुणेशी ताडून पाहतो, आणि आतल्या खोलीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने सांगतो, “उभी आहे. तू लुगडं बदल.”