फुकटचें गाणें

"फुकटचें तें पौष्टिक" अशी एक म्हण आपल्याकडे आहे. ती थट्टेनें वापरण्याचा प्रघात आहे, आणि त्या थट्टेंत थोडी तुच्छताहि असते. गेल्या वर्षीं आश्विनांत मी व माझा धाकटा बंधु औंधास गाणें ऐकावयास निघालों, तेव्हां पुण्याहून सुटीस आलेला माझा पुतण्या म्हणाला, "काका, तिकीट नाहीं म्हणतां, मग गाणेंहि बेताचेंच असणार. जें फुकट मिळतें त्याला किंमत नसते." अडतीस वर्षें मुलांच्या वह्या तपासल्यामुळें चुकीच्या वाक्याखालीं तांबडी रेघ ओढण्याची संवय माझ्या हाताला जडलेली आहे, परंतु त्या दिवशीं तो हात उठला नाहीं. खरें सांगावयाचें तर मनांतून माझेंहि मत फारसें निराळें नव्हतें. तें मत त्या एका रात्रीनें पालटलें. तें कसें पालटलें, हें वाचकांस सांगावें एवढाच या लेखाचा हेतु आहे.

आमचें कुटुंब साताऱ्याचें. दोघे भाऊ, आमच्या बायका, मुलें, सुना, नातवंडें अशीं लहानमोठीं अकरा माणसें अजून एका चुलीवर जेवतात. वडील १९८० सालीं वारले, तेव्हां मी एकवीस वर्षांचा होतों. जुन्या अकरावीची मॅट्रिक होऊन मी नुकताच शाळेंत लागलों होतों. शास्त्रीबुवांजवळ केलेलें थोडें व्याकरण आणि चार काव्यें एवढीच काय ती माझी अधिक पुंजी. पदरीं आई, लग्नाच्या दोन बहिणी आणि हा धाकटा. त्याला व्हायोलिनचें वेड. गांवांतील एका वृद्ध शिक्षकांकडे तो सात वर्षें शिकत होता. रेडिओवर गजाननबुवा जोशी यांचें व्हायोलिन लागलें कीं भरल्या पानावरून तो उठत असे, आणि आईची बोलणीं खात असे.

१९८३ सालीं एके रात्रीं निजानीज झाल्यावर तो मजजवळ येऊन म्हणाला, "दादा, मुंबईस जाऊन कोणा जाणत्या गुरूजवळ शिकावें असें मनांत आहे. दोन वर्षें द्या." मीं कागद घेतला आणि घराचा जमाखर्च त्याच्यापुढें मांडला. सरकारी कचेरींत कारकुनाची एक जागा त्याला मिळण्यासारखी होती. बहिणींचीं लग्नें, आईचें दुखणें, घराचें कर्ज, सारें मीं त्याला वाचून दाखविलें. गणित बिनचूक होतें. तो "बरें, दादा" एवढेंच म्हणाला. दुसऱ्या दिवशीं सकाळीं त्यानें गज सैल केला, व्हायोलिन पेटींत ठेविलें आणि पेटी माळ्यावर नेऊन ठेविली. पुढें चाळीस वर्षें या विषयावर आम्हां दोघांत एक अक्षरहि झालें नाहीं. दर महिन्याला पगार झाला कीं तो पाकीट माझ्या हातीं देई, आणि त्यांतून मी त्याला हातखर्चाचे पैसे मोजून देई. घर असें एका हातानें चालतें, याचा मला अभिमान वाटत असे.

तो सेवानिवृत्त झाल्यानंतर गेल्या वर्षीं एकदां सहज म्हणाला, "दादा, यंदा औंधला याल का? रात्रभर गाणें असतें." चाळीस वर्षांत त्यानें मजजवळ केलेली ही पहिलीच मागणी. मी लगेच हो म्हटलें.

कोजागिरी उलटून गेली होती. रहिमतपुरावरून एस. टी. नें आम्ही दुपारीं औंधास पोंचलों. औंध हें आज खटाव तालुक्यांतील एक लहानसें गांव आहे. १९४८ पर्यंत तें एका संस्थानाची राजधानी होतें. तेथील अधिपति बाळासाहेब पंतप्रतिनिधि (१८६८-१९५१) यांचें नांव सूर्यनमस्कारांमुळें आपल्या घरांतून परिचित आहेच. परंतु हा राजा स्वतः चित्रें काढी आणि स्वतः कीर्तनेंहि करी. भांडारकर संस्थेनें महाभारताची चिकित्सक आवृत्ति हातीं घेतली, तेव्हां तिच्यासाठीं एक लक्ष रुपये देण्याचें त्यांनीं पत्करिलें. वेदांचे भाष्यकार पंडित सातवळेकर यांचें स्वाध्याय मंडळ अनेक वर्षें याच गांवीं होतें. तेहि मूळचे चित्रकार. १९३९ सालीं बाळासाहेबांनीं राज्यकारभार प्रजेच्या हातीं सोंपविला. त्याच्या आदल्याच वर्षीं, १९३८ सालीं, आपला चित्रसंग्रह लोकांनीं पाहावा म्हणून यमाई देवीच्या डोंगरावर इमारत उभारून तो त्यांनीं तेथें मांडला.

आम्ही प्रथम तिकडेच गेलों. राजा रविवर्मा, धुरंधर यांचीं चित्रें तेथें आहेत. बाळासाहेबांच्या हातचीं आहेत. हेन्री मूर या इंग्रज शिल्पकारानें घडविलेलें माता व बालक यांचें एक शिल्पहि आहे. मला नवल वाटलें तें बंधूचें. कोणत्या दालनांत काय आहे हें त्याला घरच्यासारखें ठाऊक होतें. "दादा, इकडे या, हें आधीं पाहा," असें म्हणत तो मला हिंडवीत होता. दारावरचा पहारेकरी त्याला पाहून हंसला आणि म्हणाला, "या साहेब! यंदा दोघे?" त्या शब्दांचा अर्थ त्या वेळीं माझ्या ध्यानांत आला नाहीं.

सायंकाळीं मंडपांत जाऊन आम्हीं सतरंजीवर जागा धरली. या संगीतोत्सवाची हकीकत थोडक्यांत सांगितली पाहिजे. ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रांत आणणारे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांचे शिष्य अनंत मनोहर जोशी, म्हणजेच अंतुबुवा, हे औंध दरबारचे गवई. त्यांनीं आपले गुरु शिवानंद स्वामी यांच्या स्मरणार्थ १९४० सालीं हा उत्सव सुरू केला. अंतुबुवांच्या मागून त्यांचे चिरंजीव गजाननबुवा (१९११-१९८७) यांनीं तो चालविला. गायन आणि व्हायोलिन या दोहोंतहि त्यांचा अधिकार मोठा होता. १९८१ सालीं उत्सवासाठीं एक प्रतिष्ठान स्थापन झालें आणि पुढें शिष्यांनीं ही परंपरा राखली. संस्थान गेलें, दरबार गेला. गाणें राहिलें, आणि तें सर्वांना खुलें राहिलें.

तिकिटाला मी नांवें ठेवीत नाहीं. बाळकृष्णबुवांचेच दुसरे शिष्य विष्णु दिगंबर पलुसकर (१८७२-१९३१) हे तिकीट लावून सार्वजनिक जलसे करणाऱ्या आरंभीच्या गायकांपैकीं होते. दरबारांत आणि श्रीमंतांच्या दिवाणखान्यांत अडकलेलें गाणें त्या तिकिटामुळेंच सामान्य माणसाच्या आटोक्यांत आलें, आणि गवयालाहि कोणाची मर्जी न राखतां मानानें जगतां येऊं लागलें. १९०१ सालीं लाहोरास त्यांनीं काढलेलें गंधर्व महाविद्यालय हें त्याच विचाराचें फळ. तेव्हां तिकीट ही एका काळीं सुटकेची वाट होती. परंतु त्या वाटेनेंहि ज्यांना येतां येत नाहीं, अशीं माणसें राहतातच. तीं कोण, हें मला त्या रात्रीं कळावयाचें होतें.

मंडप हळूहळू भरला. शेतावरून परस्पर आलेले शेतकरी होते, शाळेचीं मुलें होतीं, कडेवर पोर घेतलेल्या बायका होत्या, आणि दूरदूरच्या शहरांतून आलेले जाणकारहि होते. कोण कोणाच्या शेजारीं बसला आहे याची कोणास पर्वा नव्हती. एका तरुण गायकानें मालकंस आरंभिला. शाकुंतलाच्या प्रस्तावनेंत नटीचें गाणें ऐकून सारी रंगसभा चित्रांत काढल्यासारखी निश्चल झाल्याचें सूत्रधार सांगतो. दुपारीं चित्रें पाहिलीं होतीं आणि रात्रीं ही सभा पाहत होतों. ती कल्पना नुसती अलंकाराची नव्हे, हें मला तेथें पटलें.

इतक्यांत माझी दृष्टि बंधूच्या हातांकडे गेली. त्यानें उजवें मनगट मांडीवर टेकलें होतें आणि डाव्या हाताचीं बोटें त्यावर सरकत होतीं. तान वर गेली कीं बोटें वर, खालीं आली कीं खालीं. त्याच्या पलीकडे बसलेल्या एका पागोटेंवाल्या वृद्धाच्याहि तें ध्यानांत आलें. तो वाकून म्हणाला, "पावणं, तुमी वाजिवता जणू?" बंधूनें झट्‌कन हात मागें घेतला आणि म्हणाला, "नाहीं हो. मी नुसता ऐकतों."

पुढचें गाणें मला धड ऐकूं आलें नाहीं.

मध्यंतरांत चहासाठीं आम्ही मंडपाबाहेर आलों. मीं विचारलें, "तो पहारेकरी तुला कसा ओळखतो रे?"

तो थोडा वेळ हातांतल्या पेल्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "दादा, मी दरवर्षीं येतों. १९८५ पासून. आजारपणानें एक-दोन वेळां चुकलें असेल. घरीं कचेरीचा दौरा आहे म्हणून सांगत असें."

"अरे, पण सांगितलें असतेंस तर मीं काय नको म्हटलें असतें?"

"नसतें म्हटलें. पण मागावें लागलें असतें. एस. टी. चें भाडें हातखर्चांतून सुटत असे. इथें तिकीट असतें, तर तुमच्यापाशीं पैसे मागावे लागले असते, आणि कशासाठीं तें सांगावें लागलें असतें. तें माझ्यानें झालें नसतें."

मीं म्हटलें, "त्या वेळीं माझें चुकलें."

तो म्हणाला, "तेव्हां तुम्ही स्वतः चोवीस वर्षांचे होतां, दादा. तें मला आतां कळतें. पण चुकलें नाहीं असें मी म्हणणार नाहीं." मग पेला खालीं ठेवून, "चला, आंत तंबोरे लागले," असें म्हणून तो पुढें झाला.

पहांटेपर्यंत आम्ही बसलों होतों. मला शाकुंतलाचाच पांचवा अंक आठवत होता. तो मीं विद्यार्थ्यांना कितीतरी वेळां शिकविला आहे. हंसपदिका आंतून गाते आणि तें ऐकून दुष्यंत कारण न कळतां व्याकुळ होतो. राजाच्या व्याकुळतेवर मी मुलांपुढें तासभर बोलत असें. परंतु गाणारी ती विसरली गेलेली स्त्री आहे आणि तिचें गाणें ही तक्रार आहे, इकडे माझें कधीं फारसें लक्ष गेलें नाहीं. माझ्या घरांत चाळीस वर्षें एक माणूस गप्प बसून होता, आणि तो समाधानी आहे असें मी समजत होतों.

वाचकहो, आपल्या एकत्र कुटुंबांचे गुण पुष्कळ आहेत. मी त्यांतच वाढलों आणि त्यांतच देह ठेवणार. परंतु अशा घरांत पोट भरलेलीं, अंगावर वस्त्र असलेलीं, तरी मागितल्यावांचून एक रुपया खर्चितां न येणारीं माणसें असतात. नवी सून असते, माहेरीं परत आलेली बहीण असते, शिकणारा मुलगा असतो, निवृत्तिवेतन नसलेला चुलता असतो. गरीब म्हणून त्यांची कोठें नोंद होत नाहीं. गांवांतलें देऊळ, वाचनालय, कलामंदिर जेव्हां एखादी रात्र सर्वांसाठीं मोकळी ठेवतें, तेव्हां दार उघडतें तें केवळ निर्धनांसाठीं नव्हे. ज्यांना मागण्याचा संकोच वाटतो त्यांच्यासाठींहि तें उघडतें. कांहींहि न विचारतां आंत घेणारें तें दार नसतें, तर माझ्या बंधूचें गाणें माळ्यावरच्या पेटींतच संपलें असतें.

आणि फुकट म्हणजे कोणीच कांहीं दिलेलें नसतें असें नाहीं. मंडप, दिवे, गवयांची ने-आण, त्यांचीं जेवणें, हें सारें कोणीतरी सोसलेलें असतें. म्हणून ज्यांना शक्य आहे त्यांनीं अशा ठिकाणीं यथाशक्ति वर्गणी अवश्य द्यावी. निघतांना मींहि दिली. परंतु त्याहून मोठें काम घरांत करावयाचें असतें. परत आल्यावर मीं पाकिटाची जुनी वहिवाट मोडली. आतां ज्याचे पैसे त्याच्या हातीं राहतात, घरखर्चाचा वांटा तेवढा प्रत्येकजण देतो, आणि सुनांनाहि हिशेब विचारला जात नाहीं. पहिले दोन महिने मला जड गेलें. घर मात्र मोडलें नाहीं.

दिवाळीच्या झाडलोटींत पेटी माळ्यावरून खालीं काढली. गजाचे केंस किड्यांनीं खाल्ले होते, एक खुंटी तुटली होती. कारागिराकडून सारें दुरुस्त करवून आणलें. बंधु सायंकाळीं दार लावून बसतो. बोटें आंखडलीं आहेत. पूर्वींचें कांहीं हातांत नाहीं असें तो म्हणतो, आणि तें खरेंहि असावें. एका षड्जावर तो पुष्कळ वेळ गज फिरवीत राहतो. माझी आठ वर्षांची नात दाराबाहेर बसून ऐकते. तिला आंत बोलवावयाचें कीं नाहीं, हें मीं त्याच्यावरच सोंपविलें आहे.

या आश्विनांत आम्ही पुन्हां औंधास जाणार आहों. पुतण्याहि येतों म्हणाला आहे. किती पैसे लागतील, असें त्यानें विचारलें. मीं सांगितलें, "एस. टी. चें भाडें. पण तिकीट नसल्यामुळें जागा आधीं जाऊन धरावी लागते. तेव्हां वेळेवर नीघ."