हातासाठी जागा

2007 च्या डिसेंबरात सासुरवाडीला, म्हणजे तंजावरला निघालो, तेव्हा गाणी ऐकायची दोन यंत्रं बरोबर होती. एक माझा आयपॉड, 30 जीबीचा, 2005 साली निघालेल्या पिढीतला. दुसरा सॅनडिस्कचा सान्सा ई250, अवघ्या 2 जीबीचा. तो मेव्हण्याने मित्राकडून वापरून बघायला आणला होता. त्याला नवा प्लेअर घ्यायचा होता आणि कुठला घ्यावा हे मी सांगायचं होतं. पुण्याहून निघाल्यापासून मी दोन्ही आलटूनपालटून ऐकत होतो. वहीत दोन रकाने आखले होते, एकेका गुणाची ओळ धरून दोघांना दहापैकी गुण देत होतो.

ती वही अजून माझ्याकडे आहे. वजन: आयपॉड 136 ग्रॅम, सान्सा 75. पडदा: आयपॉडचा अडीच इंच, सान्साचा जेमतेम पावणेदोन. बॅटरी: कंपन्यांच्या म्हणण्याप्रमाणे आयपॉडची 14 तास, सान्साची 20, शिवाय सान्साची बॅटरी घरच्या घरी बदलता येते. रेडिओ: आयपॉडला नाही, सान्साला आहे. कार्ड घालायची खाच: तेच. आणि साठा: एकीकडे कंपनीच्या हिशेबाने 7,500 गाणी, दुसरीकडे चारपाचशे. या शेवटच्या ओळीने माझ्या मनात निकाल जवळजवळ लागला होता. त्यात आयपॉडच्या चाकाचं मला वेड होतं. अंगठा गोल फिरवावा, नावं सरसर सरकावीत, प्रत्येक नावागणिक बारीक टक् असा आवाज यावा. न बघतासुद्धा मी बालमुरलीकृष्णांपासून भीमसेनांपर्यंत जाऊ शकत असे.

या चाकामागे एक गोष्ट आहे. पहिला आयपॉड जगापुढे आला 23 ऑक्टोबर 2001 रोजी, 5 जीबीचा. पण त्याच्या आदल्याच वर्षी सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीने नोमॅड ज्यूकबॉक्स काढला होता आणि त्यात 6 जीबी मावत होते. साठा जास्त, तरी लोकांच्या मनात बसला तो आयपॉड. नोमॅड सीडी प्लेअरएवढा होता, खिशात जाईना. आयपॉड खिशात गेला आणि हजार गाण्यांतून हवं ते गाणं एका अंगठ्याने सापडू लागलं. मावतं किती, याइतकंच हाताला सापडतं कसं, याला मोल होतं. हे तेव्हाच माझ्या ध्यानात यायला हवं होतं.

वहीतल्या त्या यादीत, दोन रकान्यांच्या कडेला, मायक्रोसॉफ्टच्या झून प्लेअरसाठीही मी एक अरुंद रकाना ठेवला होता. झून नोव्हेंबर 2006 मध्ये अमेरिकेत निघाला. एका मित्राकडे तो हातात घेऊन पाहिला होता. पडदा तीन इंचांचा, रेडिओ होता आणि एका झूनमधून दुसऱ्या झूनमध्ये बिनतारी गाणं पाठवायची सोय होती. कल्पना फार सुंदर. पण पाठवलेलं गाणं समोरच्याला तीनदाच ऐकता येई, किंवा तीन दिवस. मग ते बंद. ज्या गावी मी निघालो होतो तिथे एकाने दुसऱ्याला गाणं दिलं, की ते त्याच्या पुढच्या पिढ्यांचंही होतं.

तंजावरचं घर राजवाड्याच्या पश्चिमेला. मार्गळी हा तमिळ महिना चालू होता. पहाटे दारापुढे तांदळाच्या पिठीचं कोलम निघे आणि कुठूनतरी देवळाच्या लाउडस्पीकरवरचं गाणं येई. सासूबाई आंघोळ करून वीणेपुढे बसत. आमच्या सासुरवाडीचं मराठी ऐकताना मला नेहमी वाटतं की एखाद्या जुन्या पेटाऱ्यातून कपडे बाहेर येताहेत: घडी तीच, वास वेगळा. एकोजीराजांनी सतराव्या शतकात तंजावर घेतलं आणि 1855 पर्यंत इथे भोसल्यांचं घराणं नांदलं. राज्य गेलं, बोली घरात राहिली. सासूबाईंना देवनागरी सावकाश वाचता येतं, पण त्यांची पदांची वही तमिळ लिपीत आहे. शब्द मराठी, अक्षरं तमिळ. त्या वहीत चाल मात्र नाही. चाल लिहून ठेवायची असते हेच त्यांना मंजूर नाही.

मी माझी दोन यंत्रं वीणेशेजारी सतरंजीवर ठेवली आणि सासूबाईंना आयपॉडवरची एक कचेरी, म्हणजे कर्नाटक संगीताची मैफल, ऐकवली. राग, तानम्, पल्लवी. सीडीवर त्याचे तीन भाग केलेले होते. पूर्वी एमपी3 फाइली लागोपाठ वाजवल्या की दोन भागांच्या मध्ये क्षणभर शांतता पडायची, कारण फाइल बनवतानाच तिच्या मागेपुढे थोडं रितेपण भरलं जातं. 2006 च्या सप्टेंबरात आयपॉडमध्ये ही फट बुजवायची सोय आली, म्हणून मी मोठ्या उमेदीने ती ऐकवत होतो. रागातून तानमात गाणं सलग शिरलं. त्यांनी मान डोलावली, "छान आहे" म्हणाल्या. मग विचारलं, "याला माझं ऐकू येतं का?"

मी म्हटलं, नाही आई, हे फक्त ऐकवतं. त्याला वेगळा मायक्रोफोन जोडावा लागतो.

"मग हा धाकटा?"

सान्साला बोटाच्या पेराएवढ्या जागेत मायक्रोफोन होता. माझ्या वहीत त्याची ओळ सगळ्यात खाली होती. पुढे नुसतं 'आहे' आणि 'नाही' लिहिलं होतं, गुण दिले नव्हते.

त्याच दुपारी सासूबाईंच्या वीणेचा मेळ बसवून घ्यायला आम्ही कारागिराकडे गेलो. तंजावरची वीणा फणसाच्या लाकडाची. भोपळा, दांडी, पुढचं याळी या कल्पित प्राण्याचं तोंड. वर चार तारा सुरांच्या आणि बाजूला तीन तालाच्या. दांडीवर काळ्या मेणाच्या दोन कडा आणि त्यांत रुतवलेले पितळेचे 24 पडदे. एका सप्तकाचे बारा, असे दोन सप्तकांचे चोवीस. वर्षं गेली की मेण हलतं, पडदा केसभर सरकतो आणि सूर कण्हायला लागतो. मग मेण काढून पुन्हा सगळा मेळ बसवायचा. कारागीर तापवलेल्या मेणात पडदा ठेवायचा, तार छेडायचा, कान लावायचा आणि अंगठ्याच्या नखाने पडदा इतका थोडा ढकलायचा की मला तो ढळलेला दिसतच नसे, फक्त ऐकू येई. एकेका पडद्याला चारपाच वेळा. मेण गार झालं की पडदा पक्का.

हे पडदे पक्के करण्यामागे जो विचार आहे, तो याच शहरात रुजला. सोळाव्या शतकातल्या संगीतग्रंथांत वीणांची तुलना वाचायला मिळते. एक एकराग-मेल वीणा: राग बदलला की पडदे सरकवायचे. दुसरी सर्वराग-मेल वीणा: पडदे जागचे हलत नाहीत, सगळे राग तिथेच. तंजावरचा रघुनाथ नायक (राज्यकाळ 1600 ते 1634) आणि त्याचे मंत्री गोविंद दीक्षित यांना आजच्या चोवीस पडद्यांच्या वीणेचं श्रेय दिलं जातं. पुढे गोविंद दीक्षितांचे चिरंजीव वेंकटमखी यांनी 'चतुर्दंडीप्रकाशिके'त सप्तकातल्या बारा जागांवरून 72 मेळ मोजून मांडले. वीणेवर ज्या जागा अशा पक्क्या डोळ्यांपुढे होत्या, त्यांच्याच जुळण्या त्यांनी कागदावर उतरवल्या. नंतर भोसल्यांच्या काळात तंजावरच्या शहाजीराजांनी रागांची लक्षणं लिहून घेतली, तुळजाराजांनी 'संगीतसारामृत' रचलं. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात ही परंपरा आजही हस्तलिखितांत ठेवलेली आहे.

पण पडदा पक्का केला तर दोन पडद्यांमधल्या सुरांचं काय? कर्नाटक संगीताचा प्राण तर त्या मधल्या जागांतच आहे. तोडीचा गंधार एका जागी उभा राहत नाही, तो हलता असतो. कारागिराने आम्हाला दाखवलं. त्याने एकाच पडद्यावर बोट ठेवलं, तार छेडली आणि ती आडवी ओढली. आवाज चढत गेला. एक सूर, पुढचा, त्याच्यापुढचा. पडदा तसूभर हलला नाही आणि त्याच्यावर तीन सूर उमटले. तार ओढता यावी म्हणून दांडीवर जागा ठेवलेली असते. मेण पडद्याला घट्ट धरून ठेवतं आणि ती जागा बोटाला मोकळी सोडते. यंत्राने जे ठरवायचं ते ठरवून टाकलं, उरलेलं वाजवणाऱ्याच्या हातावर सोपवलं.

परतताना सायकलरिक्षात वीणा मांडीवर आडवी धरून मी बसलो होतो आणि माझ्या वहीतले गुण डोक्यात हलायला लागले होते. मी दोन यंत्रांची तुलना करत होतो ती दोन पेट्यांची: कुठल्या पेटीत जास्त भरता येतं? वीणांची तुलना झाली ती अशी: पक्कं काय करायचं आणि हातासाठी मोकळं काय ठेवायचं?

दुसऱ्या दिवशी सकाळी मेळ ताजा असलेली वीणा घेऊन सासूबाई बसल्या. मी सान्सावर व्हॉइसमध्ये जाऊन बटण दाबलं आणि तो त्यांच्या गुडघ्यापाशी ठेवला. त्यांनी एक रामाचं मराठी पद म्हटलं. आधी वीणेवर, मग गळ्याने, मग दोन्ही मिळून. हे पद त्यांच्या आजीकडून आलेलं. एकोणिसाव्या शतकात रामचंद्रबुवा मोरगावकरांसारख्या कीर्तनकारांनी तंजावरला मराठी कीर्तन नेलं, तंजावूर कृष्ण भागवतरांनी त्याचा मेळ कर्नाटक संगीताशी घातला, आणि साकी, दिंडी, ओवी, अभंग ही आपली वृत्तं तमिळ हरिकथेत कायमची जाऊन बसली. त्या मातीतलं हे एक रोपटं एका घरात राहिलं होतं. अकरा मिनिटांची नोंद झाली. त्यात मधे कावळा आहे, डवऱ्यात कॉफी ओतल्याचा आवाज आहे आणि रस्त्यावरून गेलेल्या फुलवालीची हाक आहे. मायक्रोफोन साधा, तारेच्या झंकाराची वरची झळाळी त्यात पुरती उतरली नाही. पद मात्र उतरलं.

मेव्हण्याला मी सान्साच घ्यायला सांगितलं. त्याला आश्चर्य वाटलं, कारण पुण्याहून फोनवर मी दुसराच सल्ला दिला होता.

आता या यंत्रांपैकी एकही दुकानात नाही. झूनचं उत्पादन 2011 साली थांबलं. आयपॉडचं शेवटचं मॉडेल थांबवल्याचं 10 मे 2022 रोजी जाहीर झालं. फोनने साऱ्यांना पोटात घेतलं. ती अकरा मिनिटं मात्र एका संगणकातून दुसऱ्या संगणकात, तिथून फोनमध्ये येत राहिली. माझी मुलगी वीणा शिकते. ते पद तिने त्या नोंदीवरून बसवलं. नोंदीचा षड्ज हलत नाही, म्हणून ती आपली वीणा त्याला जुळवून घेते, मग वाजवते.

मागच्या दिवाळीत तिने ते आजीला फोनवर वाजवून दाखवलं. सासूबाई आता ऐंशीच्या पुढे आहेत, गुडघ्यांमुळे खाली बसवत नाही. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाल्या, "अगं, दुसऱ्या चरणात तू उतरतेस तिथे माझं त्या दिवशी चुकलं होतं. ती चूक घेऊ नकोस. ऐक." आणि त्यांनी फोनवर ती ओळ गाऊन दाखवली. गळा थकलेला, जागा अचूक. मुलीने पडद्यावरचं बोट तिथेच ठेवून तार थोडी जास्त ओढली आणि तो सूर आला.

नोंद होती म्हणून पद राहिलं, आणि आजी होती म्हणून ते सुधारलं. नोंदलेला आवाज म्हणजे मेणात बसवलेला पडदा. तो पक्का हवा, म्हणजे मधल्या जागा शोधायला बोटाला आधार मिळतो. पण तार ओढायची ती आपणच.

म्हणून यंत्र घेणाऱ्या प्रत्येकाला मी आता एकच सांगतो. त्यात किती मावतं ते मागाहून विचारा. तुमच्या हातासाठी आणि तुमच्या घरातल्या आवाजासाठी त्यात जागा आहे का, ते आधी विचारा. ती जागा आज प्रत्येकाच्या खिशातल्या फोनमध्ये आहे. घरातलं जे पद कुठल्याच कॅसेटवर निघालं नाही, ते गाणारं माणूस समोर बसलेलं असेल, तर बटण आजच दाबा. आणि मग ती नोंद त्यांनाच ऐकवा. कुठे चुकलं ते त्यांनाच ठाऊक असतं.