आईचे पत्र

आमचा धाकटा भिक्खू झाला. यंदा त्याचा वर्षावास बोधगयेत आहे. नागपूरहून दर रविवारी आईचे पत्र जाते. पूर्वी ती 'चि. बाळ' लिहायची, आता 'वंदनीय भन्ते' लिहिते. ताईला मुलगी झाली, विहाराला रंग दिला, सारे कळवते. आम्ही आठ दिवस दवाखान्यात होतो, तेवढे मात्र लिहीना. "तीन महिने त्याला जागा सोडता येत नाही. उगाच जिवाला घोर!"

विहारातल्या भन्तेंनी सांगितले, आईवडील आजारी असल्यास वर्षावासातही सात दिवस जाण्याची अनुज्ञा तथागतांनी विनयात दिली आहे, बोलावणे आले नसले तरी. कचेरीत आम्हाला अर्जावाचून रजा नाही!

पण मुलाला कळलेच नाही, तर अनुज्ञा काय कामाची? त्या रात्री आम्ही दोघांनी पत्र पुन्हा लिहिले. यायचे की नाही, ते त्याने ठरवावे.